‘हर्ष’पर्यंत टाइप केलं तेव्हा

साहेब चाकणला गेलेले. फोनवर म्हणाले,
"निमकर, माझ्या मेलमधून ते हर्षवर्धन फोर्जचं
कोटेशन काढा, मागच्या दिवाळीचं.
पासवर्ड तुम्हाला माहितीच आहे."
माहितीच होता. मीच ठेवून दिलेला,
त्यांच्या धाकट्याचं नाव आणि जन्मवर्ष.

‘हर्ष’पर्यंत टाइप केलं
आणि कॉम्प्युटरला वाटलं, मला हर्षला हवी.
एकतीस मेल.

हर्षला स्टोअरमधली. परभणीची, डिप्लोमा झालेली,
आकुर्डीत तिघींत एक खोली,
डबा उघडला की आधी लोणचं पुढे करणारी.

पहिला मेल उघडला तो चुकून.
दुसरा चुकून नव्हता.

काय होतं ते इथे लिहीत नाही.
घाण म्हणावं असं फारसं नव्हतंही.
रोमन लिपीतलं मराठी, शेवटी हसरे चेहरे,
शुक्रवारी ती निळी नेस,
कन्फर्मेशन माझ्याच हातात आहे ना,
इतकी काय घाबरतेस,
आणि वर वेळ : रात्री अकरा सत्तावन्न.

तिची उत्तरं मात्र मी तारखेनं लावून वाचली.
"आदरणीय सर, आपण कळवल्याप्रमाणे…"
"सर, खोलीचं दार नऊला बंद होतं."
"ओके सर."
"ओके."
पुढे नुसते साहेबांचेच, एकाखाली एक,
बंद घराच्या दारात साठत जातात तशी लाइटबिलं.

कोटेशन सापडलं.
अकरा चाळीसला पाठवलं. साहेबांचा अंगठा आला.

गुरुवारी भोसरीला सुट्टी.
मेथी निवडत बसले होते,
देठ पातेल्यात, पानं कचऱ्यात.
हे म्हणाले, "तुला काय करायचंय? सहा वर्षं राहिलीत."
खोटं नव्हतं ते. मोशीच्या फ्लॅटचे हप्तेही
सहाच वर्षांचे.
मग एकदम आठवलं,
बससाठी ताटकळत गेटवर उभी होती ती, दसऱ्याच्या सुमारास,
आणि मीच म्हटलेलं,
अगं जा की साहेबांच्या गाडीतून नाशिक फाट्यापर्यंत,
बापासारखे आहेत.

पाण्याच्या कूलरशेजारी एक बोर्ड आहे.
तीन वर्षं त्याच्याकडे पाठ करून मी बाटली भरते.
अंतर्गत तक्रार समिती.
सदस्य क्रमांक तीन : सौ. व. श्री. निमकर.
कायद्याला बायका हव्या होत्या,
साहेबांनी हजेरीपटावरून उचलल्या.
वर्षाला एक सही, न भरलेल्या सभेच्या इतिवृत्तावर.
सोबत सामोसा असायचा. चांगला असायचा.

शुक्रवारी स्टोअरमध्ये गेले, मागच्या रॅककडे,
जिथे कॅमेरा पोचत नाही.
म्हटलं, "मला दिसलंय. चुकून.
कुणाला बोलले नाही.
तू म्हणशील तेवढंच करीन. काही करू नका म्हणालीस, तर तसं."

ती वॉशर मोजत होती. थांबली नाही.
शंभराचं पाकीट पुरं केलं, स्टेपल मारली,
मग म्हणाली,
"बाई, गाडीत बस असं तुम्हीच म्हणाला होतात."

हो, म्हटलं.
एवढंच येत होतं मला त्या वेळी.
"मेल जपून ठेवलेस ना?"
तिनं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
पुढचं पाकीट घेतलं.

परत येताना बोर्डापाशी थांबले.
माझ्या नावापुढे जुना नंबर होता,
लँडलाइनचा, मोशीला जायच्या आधीचा.
कुणी फोन केलाही असेल,
तर तो एका बंद झालेल्या घरात वाजला असेल.

बॉलपेन त्या गुळगुळीत कागदावर उठेना.
डिस्पॅचमधून मार्कर आणला,
जुना खोडला, नवा लिहिला, ठळक, दहाही आकडे.
साहेबांच्या केबिनची काच मागेच होती.
शेवटचा सात जरा वाकडा आला.